मेणाचा गोळा

कराडच्या स्टँडमागं कृष्णातचं पादत्राणांचं छोटं दुकान आहे. माणूस हाताचा चांगला, पण काळजी करायला त्याला कारण लागत नाही. आणि यावेळी तर कारणही भक्कम होतं.

सांगलीच्या कस्तुरीआक्कांचा आर्जव इंग्लंडला शिकतो. तिकडं साठेक वर्षांपूर्वी गिटारवाली पोरं लांब, सुईसारख्या टोकाचे बूट घालून मिरवायची. हौशी अजूनही घालतात. त्या टोळक्यात हा सामील. सुट्टीला आला तो तसलेच चामड्याचे बूट घालून. आक्कांनी ते उंबऱ्याच्या आत घेतले नाहीत. जैनाच्या पोरानं कातडं घालावं, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. त्या कृष्णातकडं आल्या. "तसलंच टोक काढा, पण कुठल्या जिवाचं काय नको."

कृष्णातनं कॅनव्हास घेतलं, तळ रबरी, टोकात पुठ्ठा. टोक बसेल का, या धास्तीनं त्याला जेवण गोड लागेना.

आर्जवचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. मायलेकरं बूट न्यायला आली. आर्जवनं घालून दुकानात दोन फेऱ्या मारल्या, खूश झाला.

"कातडं न्हाई न्हवं?" आक्कांनी विचारलं.

"न्हाई आक्का," कृष्णात म्हणाला, आणि त्याची नजर मांडीजवळच्या पिवळ्या गोळ्यावर गेली. मधमाशीचं मेण. शिवायच्या आधी दोरा त्यातून ओढायचा, ही हाताची सवय. अख्खी जोडी त्याच दोऱ्यानं शिवली होती. सांगितलं तर आक्का बूट ठेवून जातील आणि पोरगा परत कातडं घालणार. न सांगितलं तर त्या विश्वासानं ते घरात नेतील.

"आक्का, दोऱ्याला मेण लागलंय. माशीचं."

"आई, एवढ्यानं काय होतंय?" आर्जव म्हणाला.

आक्का बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "उसवा. आमी थांबतो."

कृष्णात टाके काढू लागला. कोरा दोरा पाण्यात भिजवून पुन्हा शिवू लागला. दुपार टळली. आर्जव अनवाणी बसून होता. आक्का त्याच्या पायांकडं बघत होत्या. आता काळजी त्यांच्या चेहऱ्यावर आली होती.

"कापडाचं हाय रं," त्या हळूच म्हणाल्या. "तिकडच्या थंडीत पाय गारठतील न्हवं तुझं?"

कृष्णातनं बसायची गोधडी ओढली आणि बुटाच्या आतल्या मापानं कापायला घेतली.