खुर्ची मागे का जात होती

पोरांनो,

आजोबांच्या डोळ्यांबद्दल तुम्ही फोनवर तुटक तुटक ऐकलं आहे. आता सलग लिहिते, कारण मंगळवारी पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की डोळ्यांतला दाब आटोक्यात आहे आणि नजर आणखी गेलेली नाही. दुसरं कारण असं की हा आजार घराण्यात उतरू शकतो. तुम्ही आणि तुमच्या आईबाबांनी तिकडे डोळे तपासून घ्या. हे पत्र अर्धवट ठेवून आधी डॉक्टरांची वेळ ठरवलीत तरी चालेल.

सुरुवात क्रिकेटपासूनच करावी लागते. धाकटीने मागे सांगितलं होतं, तिच्या वसतिगृहातला श्रीलंकेचा मुलगा मालिका संपेपर्यंत मोजे धूत नाही आणि अफगाणिस्तानचा मुलगा शेवटची ओव्हर स्वयंपाकघरात उभा राहून नुसती ऐकतो. तिला ते विचित्र वाटलं. मला नाही वाटलं. आमची वाडी त्यांना सहज सामावून घेईल.

मॅच असली की आपल्या पुढच्या खोलीत शेजारपाजारची माणसं जमतात. त्यांत आजोबांचा मान मोठा, कारण पायचीत आहे की नाही हे ते पंचाच्या आधी सांगायचे. दोनेक वर्षांपूर्वी एका मॅचला त्यांनी आपली प्लास्टिकची खुर्ची हातभर मागे घेतली आणि पुढच्याच चेंडूवर विकेट पडली.

"अण्णा, आता हलायचं न्हाई बरं का," शेजारचा ट्रॅक्टरवाला म्हणाला.

पुढच्या मालिकेत खुर्ची आणखी मागे गेली, मग दारात. या वर्षी ती उंबऱ्याबाहेर ओसरीवर पोहोचली आणि आजोबा सगळ्यांच्या डोक्यांवरून टीव्ही बघू लागले. झाडताना मी ती आत आणली की मलाच ऐकून घ्यावं लागे. "काकू, मागल्या टायमाला तुमी खुर्ची हलवली आन् आमी हारलो राव." आजोबा यावर काही बोलत नसत. मला वाटायचं, मान मिळतोय म्हणून गप्प आहेत.

मग एकदा सीमारेषेवर झेल गेला.

"तिथं फिल्डर नव्हताच," आजोबा म्हणाले. "हा कुठून आला?"

"अण्णा, पयल्यापासनं उभा हाये त्यो. झोपला व्हता का?"

सगळे हसले. मध्यंतरात आजोबा उठले ते उजवीकडे ठेवलेल्या टोमॅटोच्या क्रेटवर आपटले. क्रेट आठवडाभर तिथेच होते. मी त्याच बाजूने चहाचा कप पुढे केला. कप पार नाकासमोर येईपर्यंत त्यांचा हात उठला नाही.

माणसं गेल्यावर मी विचारलं, "अहो, खुर्ची मागे का नेता?"

"लकी आहे ती जागा."

"हे त्या पोरांना सांगा. मला खरं सांगा."

"जवळून सगळा टीव्ही दिसत नाही गं. बॉलर दिसला तर बॅट्समन दिसत नाही. लांबून सगळं मावतं. वयानं होत असेल."

नजर कमी झालेला माणूस जवळ सरकतो, एवढंच मला ठाऊक होतं. लांब जाणारा माणूस मी पाहिला नव्हता. म्हणून जास्त भीती वाटली.

डॉक्टरांची वेळ मिळाली ती नेमकी उपांत्य सामन्याच्या दिवशी. "काकू, फायनल हुईस्तोवर डोळे कुठं पळून जात्यात?" वाडीत सगळ्यांचं हेच मत. आजोबांचंही. मी गाडी सांगितली आणि त्यांचे कपडे काढून ठेवले. निघताना त्यांनी बजावलं, "खुर्ची हलवू नका." पोरांनी तिच्यावर त्यांची टोपी ठेवली.

दवाखान्यात त्यांना एका यंत्रापुढे बसवलं. ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी मागे बसून ऐकत होते. चार-पाच वेळा खटखट व्हायचं, मग नुसती शांतता. ती शांतता संपत नसे.

"काचबिंदू आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कडेची नजर गेली, ती परत येणार नाही. मधली चांगली आहे. ती राखता येईल, पण आणखी थांबला असतात तर मला वेगळं काही सांगावं लागलं असतं."

परतताना आळेफाट्याला चहाला थांबलो तर हॉटेलात जल्लोष चालला होता. तेवढ्यात ट्रॅक्टरवाल्याचा फोन आला. "अण्णा, जिकलो. आता फायनललाबी दवाखान्यातच जावा."

आजोबा चहा सांडेपर्यंत हसले. मग म्हणाले, "तिथं लई कंटाळा येतो रे, टीव्ही नाही."

पुढे उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांत सकाळ-संध्याकाळ थेंब घालते, ते जन्मभर घालायचे आहेत. मधले महिने मी रोज सकाळी ते अंगणात कसे चालतात तेच बघत होते. मंगळवारी नजर तेवढीच आहे असं कळलं आणि दवाखान्यातून बाहेर येऊन मी पोटभर जेवले.

गाडी चालवणं त्यांनी सोडलं आहे. उजवीकडून कोणी आलं तर आधी हाक मारावी लागते. समोरचं दोन्ही डोळ्यांना स्पष्ट दिसतं.