आत्याचा नाकारलेला विक्रम

फसवलं माझ्या आत्याला. गेल्या हिवाळ्यात, दहा किलोमीटरच्या शर्यतीच्या रविवारी, पदक गळ्यात पडल्यावर ते कळलं. पन्नाशीपुढच्या बायकांत देशात आजवर कुणी धावलं नव्हतं इतक्या वेगानं ती धावली, आणि तो विक्रम धरलाच नाही.

आधी शर्यत जाऊन-येऊन होती. अलिबागहून किनाऱ्यानं निघायचं, एका गावाच्या वेशीवरून वळायचं, परत. गावाला ते पटेना. "पाव्हणा वेशीवर आला नि तोंड फिरवून गेला, असं आमच्यात चालत न्हाय," गावचे एक काका बैठकीत म्हणाले. "शर्यत हितंच संपवा. पोहे आमचे."

आयोजकांनी लगेच मान डोलावली. सुरुवात शहराच्या पलीकडे मागे ओढली, सरळसोट रस्ता केला. फलकावर ‘प्रमाणित मार्ग’ लिहिलं.

आत्या शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेली. असल्या बाबतीत ती विचारल्याशिवाय राहत नाही.

"विक्रम लागू होईल ना?" तिनं आयोजकांना विचारलं.

"मॅडम, सायकल फिरवून रस्ता मोजलाय. निर्धास्त धावा."

गुडघा पुन्हा एवढी तयारी झेलणार नाही हे तिला ठाऊक होतं. तरी धावली.

विक्रमाचा दावा करायला गेली तर मोजणीचे अधिकारी म्हणाले, "लांबी बरोबर आहे, बाई. प्रमाणित म्हणजे तेवढंच. विक्रमासाठी सुरुवात आणि शेवट यांच्यातलं सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त चालत नाही. नाहीतर वारा सगळी वाट पाठीत राहून ढकलू शकतो."

त्या सकाळी झाडाचं पान हलत नव्हतं. पण नियमावर माझा राग नाही, नियम योग्यच आहे.

"हे यांना माहीत होतं?" आत्यानं शेजारी उभ्या आयोजकांकडे बोट केलं.

"मोजलं त्याच दिवशी सांगितलं होतं."

आयोजक हसले. "अहो मॅडम, एवढं कोण बघतं? लोक मजेला येतात."

"मजेला आले असते तर तुम्हाला विचारलं असतं का?"

तेवढ्यात काका पोह्यांची बशी घेऊन आले. सगळं ऐकलं होतं त्यांनी. "आमच्यामुळं झालं का गं, बाय?"

"न्हाय, दादा. तुम्ही पाहुणचार केलात. खोटं ह्यांनी सांगितलं." तिनं बशी घेतली, उभ्यानंच संपवली.

शर्यतीत नाव घालताना ‘प्रमाणित’ वाचून गप्प बसू नका. इथला विक्रम मान्य होईल का, हे विचारा. उत्तर लेखी घ्या. देत नसतील तर त्यांच्या शर्यतीत धावू नका.