टाकी बसवा, डोणी ठेवा

तुम्ही कधी स्वतःच्या बापाच्या कामाविरुद्ध पत्रक छापलंय?

मी छापलंय. मंठ्याजवळच्या आमच्या गावात विहिरीशेजारी गुरांना पाणी पाजायची दगडी डोणी आहे. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती एका अखंड दगडातून घडवलेली. बायकांच्या डोक्यावरचे हंडे उतरावेत म्हणून गावाला पाण्याची टाकी हवी होती, आणि सगळ्यांना डोणीचीच जागा सोयीची वाटत होती. मी लिहिलं, ‘डोणी फोडा, टाकी बसवा!’

आबांना वाचता येत नाही. मी लहान असताना बाजारात मोर्च्याचं, सभेचं जे पत्रक हाती पडेल ते घडी करून आणायचे आणि मला मोठ्यानं वाचायला लावायचे. मागच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवायची. माझं पत्रकही त्यांनी माझ्याकडूनच वाचून घेतलं. शेवटची ओळ ऐकून म्हणाले, “टाकी पाह्यजे व्हय? माझ्या पिशवीत चार हायत.” दगड घडवायच्या छिन्नीलाही टाकीच म्हणतात. मी हसले, आणि ग्रामसभेत ठराव मंजूर करून घेतला.

फोडाफोडी आम्ही परत येईपर्यंत थांबली होती. ताईला बाळ झालं होतं आणि दाजींनी आम्हा दोघांना जॉर्डनला बोलावलं होतं. ते तिकडं बंदरावर नोकरीला. बारसं उरकल्यावर त्यांनी आम्हाला पेट्रा दाखवायला नेलं. वाळवंटातलं, डोंगर कोरून केलेलं, दोन हजार वर्षांपूर्वीचं शहर.

आत जायला उंच कड्यांमधून अरुंद वाट आहे. सगळे प्रवासी माना वर करून चालले होते. आबा मात्र कड्याला हात लावत चालले होते. कमरेच्या उंचीवर कड्यातच एक पन्हळ कोरलेली होती, शहरात पाणी नेणारी. आबा वाकले, एक डोळा मिटून तिच्या रेषेत बघू लागले.

“मामा, चला की. खरी इमारत तर पुढं हाय,” दाजी म्हणाले.

“तुम्ही व्हा म्होरं, जावईबापू. मी काम बघून राह्यलो.”

आणि त्यांनी पिशवीतली बाटली काढून पन्हळीत पाणी ओतलं.

“अहो मामा! पोलीस धरतील! मेव्हणीबाई, काढा आता सुटकेचं पत्रक.”

लाल चौकड्यांचा रुमाल बांधलेला पहारेकरी ओरडत आलाच. आबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि पाण्याकडं दाखवलं. पाणी सावकाश, कुठंही न अडता पुढं सरकत होतं. पहारेकरीही वाकला. सात-आठ हात जाऊन पाणी एका तडकलेल्या जागी मुरलं, तेव्हा दोघांनी एकदमच ‘च्च’ केलं.

पुढं तो गुलाबी दगडातला प्रचंड दर्शनी भाग आला आणि माझं डोकं फिरलं. “राजाचं नाव सांगतात. राबणाऱ्यांतल्या एकाचं तरी सांगतात का?”

आबा म्हणाले, “नावाचं काय घेऊन बसली? पन्हळीचा ढाळ बघितला न्हाई का तू? समदं शहर टाकीवर उभं राह्यलंय.”

“पाण्याच्या?”

“ज्या टाकीवर तू मोठी झाली, तिच्यावर.”

मग ते हळू आवाजात म्हणाले, “डोणी फोडायच्या आधी मला तिच्यात एक घागर ओतू दे. बस, एवढंच.”

गावी आल्यावर त्यांनी ओतली, पाण्याच्या काठाला कोळशानं खूण केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी खुणेपाशीच होतं. इतक्या वर्षांत त्या दगडानं थेंब सोडला नव्हता.

मी त्याच पत्रकाच्या पाठीवर नवं लिहिलं आणि पुढच्या ग्रामसभेत माझ्याच ठरावाविरुद्ध हात वर केला. टाकीचा चौथरा चार हात पलीकडं सरकला. आता टाकी भरून वाहिली की डोणी भरते.

तुमच्या गावच्या विहिरीवर अशी डोणी असेल, तर ती फोडायच्या ठरावाला हात वर करण्याआधी तिच्यात एक घागर ओता. पाणी टिकलं, तर हात खालीच ठेवा.