विचारणाऱ्या मावशी

मावशी दार वाजवत, दोन पावले मागे सरकत आणि किंचित कडेला वळून उभ्या राहत. मी दार उघडले की प्रथम दिसे तो त्यांचा खांदा, त्यावरची निळ्या शालीची घडी, आणि मग सावकाश माझ्याकडे वळणारा चेहरा. टेक्सासातल्या फ्रिस्को गावच्या आमच्या गल्लीत नव्या रंगाचा नि कापलेल्या लाकडाचा वास अजून रेंगाळत होता. प्रत्येक दाराला घंटी होती. मावशींनी ती कधी दाबली नाही. "दारात कोण उभं आहे हे आतल्या बाईला आधी नीट दिसलं पाहिजे," त्या म्हणत. "अंगावर आल्यासारखं उभं राहिलं, की माणूस खरं बोलत नाही."

ही त्यांच्या नोकरीची सवय होती. यवतमाळ-अमरावतीकडच्या गावांतून त्या तीस वर्षे सरकारी पाहणीसाठी घरोघर हिंडल्या होत्या. हातात छापील तक्ता, पायांत धुळीने पांढुरक्या झालेल्या वहाणा. यजमान गेल्यावर मुलीकडे, मेघनाकडे, आल्या आणि आदल्या वर्षी शपथ घेऊन इथल्या नागरिकही झाल्या. मी समोरच्या घरात राहत असे. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, मराठी कवितेत एम. ए. केलेली, नोकरीची परवानगी नसलेली. दुपार फार लांब असे. मावशींच्या टकटकीने ती मधोमध दुमडली जाई.

दोन हजार आठच्या फेब्रुवारीत अध्यक्षपदाच्या उमेदवारीची लढत टेक्सासच्या उंबरठ्याशी आली आणि मेघनाच्या स्वयंपाकघरात शनिवारचे दोन तट पडले. एकाच पक्षाचे दोन उमेदवार, एक तरुण पुरुष आणि एक अनुभवी स्त्री. मावशींचे जावई निखिल त्याच्या बाजूचे. मेघनाची मैत्रीण वैशाली तिच्या बाजूची. निखिल ऑफिसातून जनमत चाचण्यांची पाने छापून आणत, आणि भाजणीच्या खमंग वाफेत ती हळूहळू मऊ पडत.

"हे बघ, आजच्या पोलमध्ये आम्ही पुढे."

"कालच्या पोलमध्ये आम्ही होतो, यार. तो का नाही प्रिंट केला?"

"तो आऊटलायर होता, भरकटलेला आकडा."

"तुम्ही हरलात की आऊटलायर. जिंकलात की ट्रेंड."

मावशी तव्यावरच्या थालीपिठाला बोटाने भोक पाडत आणि मान वर न करता विचारत, "कुणाला विचारलं होतं, निखिलराव?" मतदारांना, ते सांगत. "कोणत्या? फोन उचलणाऱ्या की न उचलणाऱ्या? तुमच्या ऑफिसातल्या त्या मुलांकडे भिंतीचा फोन तरी आहे का?" मग मावशी शांतपणे तेल सोडत. "आकडा खोटा नसतो बाप्पा. तो फक्त ज्यांनी दार उघडलं त्यांचा असतो."

त्यांचा स्वतःचा कल मात्र कुणालाच कळला नव्हता. वैशाली त्यांना आपल्या बाजूची समजे, निखिल आपल्या. "विचारणाऱ्याने आपलं सांगायचं नसतं," म्हणून त्या दोघांना सारख्याच आकाराचे थालीपीठ वाढत. पण एका दुपारी, माझ्याकडे मेथी निवडताना, त्यांची बोटे थांबली. देठांचा हिरवा, कडसर वास भरून राहिला होता. "आयुष्यभर लोकांना विचारत आले," त्या म्हणाल्या. "मला कुणी कधी विचारलं नाही. घरी नाही, ऑफिसात नाही. ह्या पोलवाल्यांनी एकदा मला फोन करावा एवढं वाटतं बघ."

मग त्यांनी पाहणीत भेटलेल्या बायकांची गोष्ट सांगितली. गावात दार वाजवून त्या विचारत, घरात कोणी आहे का? आतून बाई म्हणे, "कोणी नाही." ती स्वतः उभी असे, कडेवर लेकरू, चुलीचा धूर पदरात, पण कोणी नाही, कारण पुरुष शेतावर गेलेला. "आणि मी ते मान्य करून पुढच्या दारी जायची, गं," मावशी म्हणाल्या. "माहिती कुटुंबप्रमुखाकडून घ्यायची, असं तक्त्याच्या वर छापलेलं होतं."

पुढच्या शनिवारी मेघनाकडचा फोन वाजला. वाद ऐन रंगात होता. मावशींनीच तो उचलला. दुसऱ्या टोकाचा आवाज आम्हाला ऐकू येत नव्हता, पण मावशींची पाठ ताठ झाली, पिठाचा हात त्यांनी शालीला पुसला, जे त्या कधी करत नसत. आपल्या सावकाश, कचेरीतल्या इंग्रजीत त्या म्हणाल्या की हो, मी नोंदणीकृत मतदार आहे, माझ्याकडे वेळ आहे, विचारा. मग ऐकत राहिल्या. मग फोनवर तळहात ठेवून आमच्याकडे वळल्या.

"घरात आत्ता हजर असलेला सर्वांत तरुण पुरुष मतदार पाहिजे म्हणते ही पोलवाली मुलगी."

मावशींची त्या फोनची इच्छा मी मेघनाला सांगितली होती, आणि तिच्याकडून ती निखिलना कळली होती. ते हलक्या आवाजात म्हणाले, "आई, कोणी नाही म्हणून सांगा. मग त्या तुम्हालाच विचारतील. तसाच रूल असतो."

"मला ठाऊक आहे नियम. तरुण पुरुष फोनवर सापडत नाहीत, म्हणून आधी त्यांना मागतात."

"मावशी, सोडू नका," वैशाली म्हणाली. "त्यांचं एक कमी, आपलं एक जास्त."

"मी तुझ्याकडची आहे हे तुला कुणी सांगितलं, वैशाली?" मावशींनी फोन जावयांपुढे धरला. "घ्या निखिलराव. त्या बायकांच्या तोंडचं 'कोणी नाही' मी तीस वर्षं ऐकलं. आता मीच ते बोलू? आणि ह्या पोरीचा तक्ता बिघडवू?"

निखिल आठ मिनिटे बोलले. ओशाळून, भिंतीकडे तोंड करून, प्रत्येक प्रश्न मोठ्याने पुन्हा उच्चारत, जणू तेवढा तरी सासूबाईंपर्यंत पोहोचावा. मावशी तव्यापाशी परतल्या होत्या. थालीपिठाची कड करपत होती, तिकडे त्यांचे लक्ष नव्हते. दर प्रश्नानंतर त्यांचे ओठ किंचित हलत होते.

टेक्सासमध्ये त्या वेळी उमेदवारी दोन टप्प्यांत ठरे. दिवसा यंत्रावर गुप्त मतदान. आणि संध्याकाळी केंद्रावर परत येऊन, पक्षाच्या सभेत, कागदावर आपल्या नावापुढे उमेदवाराचे नाव उघडपणे मांडायचे. मेघना घरी मुलांपाशी थांबली, निखिल ऑफिसातून परस्पर येणार होते, म्हणून त्या संध्याकाळच्या सभेला मावशींना मी घेऊन गेले. शाळेच्या भोजनगृहात फरशीच्या मेणाचा आणि शिळ्या पिझ्झाचा वास होता. रांग दारातून बाहेर मार्चच्या वाऱ्यात गेलेली. निखिल आमच्या मागे येऊन उभे राहिले. टेबलाशी बसलेल्या मुलीने मान वर केली आणि इंग्रजीत विचारले, "आणि तुम्ही कुणासाठी आलात, मॅम?"

मावशी दोन पावले मागे सरकल्या नाहीत. त्यांनी त्या स्त्री उमेदवाराचे नाव सांगितले, स्पष्ट, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असे. मग विचारले, "कारण लिहायला रकाना नाही?"

"नाही, मॅम. फक्त नाव."

"मग ऐकून घे." आणि त्या सावकाश इंग्रजीत त्यांनी सांगायला सुरुवात केली, यवतमाळची दारे, आतला आवाज, कडेवरचे लेकरू, आपण मुकाट पुढे गेलो ते.

"आई, मागे केवढी लाइन आहे," निखिल कुजबुजले.

"तुमचं आठ मिनिटं चाललं होतं, निखिलराव."

निखिल हसले, आणि मग मागे वळून रांगेला त्यांनीच खुणेने थांबायला सांगितले. त्या मुलीने पेन खाली ठेवले होते.

गाडीत बसल्यावर मावशींनी बोटाने काचेवरचे बाष्प पुसले. मग म्हणाल्या, "आणि तुला कोण हवं आहे?"

"मला इथे कुठला हक्क, मावशी? मी व्हिसावर."

"हक्काचं नाही विचारलं. कोण हवं, आणि का?"

त्या देशात आल्यापासून मला असे कुणीच विचारले नव्हते. मला तो तरुण उमेदवार हवा होता, आणि मावशींचे मत नुकतेच ऐकले असल्याने, त्यांना वाईट वाटेल म्हणून मी ते दडवत होते. मी सांगितले. एक कारण, मग दुसरे, मग जी मला स्वतःलाच तोवर ठाऊक नव्हती अशी. त्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही. फक्त मी थांबले की, "पुढे?"

त्या उन्हाळ्यात त्यांची उमेदवार हरली, आणि निखिलना दूर दुसऱ्या राज्यात, अ‍ॅशबर्नला, नोकरी मिळाल्याने ते घर उठले. मावशींची माझी पुन्हा भेट झाली नाही. काही वर्षांनी मेघनाचा फोन आला, तेव्हा त्यांना जाऊन चार दिवस झाले होते. रडून झाल्यावर मेघना म्हणाली, "तुला एक सांगायचं राहिलंय. ती बाई हरली तेव्हा निखिलने आईला विचारलं, तुम्हाला वाईट वाटलं का? तर आईने उत्तराऐवजी तुझी सगळी कारणं सांगितली त्याला. एकामागून एक, तुझ्याच शब्दांत. आणि म्हणाली, यातलं एकही मला पटलेलं नाही, पण तिने सांगितलं तसंच्या तसं नोंदवून ठेवलंय."