शिबिरातली फुकट टेस्ट

“मॅडम, माझी टेस्ट झालीये,” असं म्हणून प्रथमेशने माझ्या टेबलावर रक्तदानाचं कार्ड ठेवलं.

“हे कार्ड आहे. रिपोर्ट कुठाय?”

“रिपोर्टच समजा ना. परवा मंडळाच्या शिबिरात रक्त दिलं. ते लोक सगळं चेक करतात. काही असतं तर फोन आला असता.”

मी मालाडच्या बाजूला पालिकेच्या एका हॉस्पिटलात समुपदेशक आहे. शरीरसंबंधातून पसरणाऱ्या आजारांच्या तपासणीला जी मुलंमुली येतात, त्यांच्याशी आधी मी बोलते. दारावरची पाटी लांबलचक आहे. ती कोणी वाचत नाही, नुसतं ‘त्या मॅडमची खोली’ विचारत येतात. तेच तेच सांगून आता घसा बसतो आणि जीवही विटतो.

प्रथमेशला सलोनी घेऊन आली होती. दोघं बाविशी-तेविशीतले, लग्नाचं घरी सांगायच्या बेतात. आदल्या आठवड्यात तिला सिफिलिस निघाला होता. जुनी माणसं याला गरमी म्हणतात. तो पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो, पण औषध जोडीदारालाही द्यावं लागतं. नाहीतर त्याच्याकडून परत तिला. म्हणून मी तिला ‘त्याला घेऊन ये’ म्हटलं होतं. तिने त्याला सांगितलं, आणि हा पठ्ठ्या माझ्याकडे यायच्या आधी शिबिरात जाऊन आडवा झाला.

“म्हणजे शंका होती म्हणून रक्त दिलंस?”

“मग काय! फुकटात होतं, कोणाला कळत पण नाही. इथे बाहेर कोणी ओळखीचं दिसलं तर वाट लागेल ना. तिथे उलट सगळे पाठ थोपटतात.”

“वर स्टीलचा डबा,” सलोनी म्हणाली. ती त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती.

मला रागच आला. त्याच्यावर थोडा, जास्त आमच्यावर. गल्लोगल्ली मंडळं आहेत आणि वर्षभर त्यांची शिबिरं चालतात. माझ्या बाकावर बसायची लाज वाटते, शिबिरात मात्र फोटो काढतात. त्याच्या जागी मी असते तर मलाही हीच आयडिया सुचली असती.

“ऐक,” मी म्हटलं. “आजार अंगात शिरला की लगेच टेस्टमध्ये दिसत नाही. मधल्या काळाला आम्ही विंडो पिरियड म्हणतो. तेव्हा टेस्ट निगेटिव्ह येते, पण ते रक्त दुसऱ्याला चढवलं तर त्याला लागू शकतं. तुझी बॅग आता चांगली म्हणून कोणाला तरी चढणार.”

त्याचा चेहरा उतरला. “मग तुम्ही करा ना फोन ब्लड बँकेत.”

“मला तुझं नाव बाहेर सांगता येत नाही. तुझी परवानगी असली तरी तूच केलेला बरा. कार्डावरचा बॅगेचा नंबर द्यायचा आणि माझं रक्त वापरू नका म्हणायचं. ते कारण विचारत बसत नाहीत.”

“शिबिर मामाचं आहे मॅडम. तो अध्यक्ष आहे. त्याला कळलं तर मला घरात उभा करणार नाहीत.”

“मामाला कोणी सांगणार नाही.”

“असं बोलतात सगळे.” त्याने कार्ड खिशात घातलं आणि उठला.

“बस खाली,” सलोनी म्हणाली. “मी एकटी येऊन इंजेक्शन घेतलं तेव्हा फोनवर काय बोललास? टेन्शन नको घेऊ, मी आहे ना. मग आता कर ना फोन.”

तो बसला. नंबर लावला. बोलताना दोनदा अडखळला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, थोडा वेळ थांबवलं आणि म्हणाल्या, “लाल पेशी इथेच आहेत, बाजूला काढते. प्लेटलेट्स काल गेल्या.”

एका बॅगेचे असे वेगवेगळे भाग करतात. प्लेटलेट्स फार दिवस टिकत नाहीत, म्हणून त्या आधी जातात.

“कोणाला दिल्या?” त्याने विचारलं.

“ते सांगत नाही आम्ही. त्या पेशंटच्या डॉक्टरांना कळवते. फोन केलात ते बरं केलंत.”

त्याने फोन ठेवला. मग मी त्याला तपासणीला पाठवलं. त्या दिवशी त्याची टेस्ट आमच्याकडेही निगेटिव्हच आली. डॉक्टरांनी तरीही इंजेक्शन दिलं आणि पुन्हा तपासायला बोलावलं. ज्याला प्लेटलेट्स चढल्या त्याचं काय झालं, मला कधीच कळलं नाही. प्रथमेश दर खेपेला विचारायचा. मी नाही म्हणायचे.

मंडळाच्या पुढच्या शिबिराला त्याने मला बोलावलं. मामाला सांगितलं होतं, हॉस्पिटलच्या मॅडम हेल्थवर दोन शब्द बोलतील. रविवारची सुट्टी घालवून मी गेले. रांगेसमोर उभी राहून म्हटलं, ज्याला स्वतःचीच तपासणी करून घ्यायचीय त्याने इथे रक्त देऊ नये, माझ्याकडे यावं. तिथे नाव गुप्त राहतं.

रांगेतली तीन-चार मुलं हळूच बाहेर पडली. एकाने बूट बांधायचं नाटक केलं. प्रथमेश डब्यांच्या टेबलामागे खाली मान घालून उभा होता.

मामा तणतणत आले. “मॅडम, तुम्ही मदतीला आलात की वाट लावायला? बॅगा कमी पडणार आता.”

“पडू द्या,” मी म्हटलं. जास्त बोलायचं त्राण नव्हतं.

सोमवारी त्या मुलांपैकी दोघं माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर होती. एकमेकांना ओळख न दाखवता, दोन टोकांना बसलेली. मी दार उघडलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.