काठोकाठ कप

कालव्याकाठी बांधून ठेवलेल्या आपल्या राहत्या बोटीत म्यूरिएलबाई उन्हाळाभर खिडकीत काठोकाठ भरलेला चहाचा कप घेऊन बसायच्या. कुणी शेजारून बोट जोरात नेली की लाट यायची, चहा सांडायचा आणि बाई कडाडायच्या, "कालवा तुझ्या बापाचा आहे का रे?"

एका शनिवारी भाचीच्या लग्नाला उशीर होतोय म्हणून त्यांनी स्वतःचीच बोट सुसाट सोडली. सुसाट म्हणजे काय, काठावरचं कुत्रं दुडक्या चालीनं बरोबरीनं येत होतं. त्यामुळे पुढच्या शेजाऱ्यांना तयारीला भरपूर वेळ मिळाला. बघतात तो काय, पुढे ओळीनं बांधलेल्या अकराही बोटींच्या दारात एकेक जण काठोकाठ भरलेला कप धरून उभा.

बाईंनी मुकाट्यानं वेग कमी केला.

शेवटच्या बोटीवरचे म्हातारे नॉर्बर्ट अदबीनं म्हणाले, "कालवा तुमच्या वडिलांचाच असेल, बाई. चहा मात्र आमचा आहे."