यू मस्ट कम

वर्ध्याच्या स्टँडवर पुण्याची बस सुटायला आली, तरी बाबा खिडकीखाली उभे राहून मला इंग्रजी शिकवत होते. "कोणी मदत केली तं नुसतं थँक्यू नको म्हणू बेटा. 'आय ॲम मच ऑब्लाइज्ड' म्हणजो." कोर्टात टायपिस्ट म्हणून त्यांचा जन्म गेला होता, त्यांचं इंग्रजी अर्जांमधलं.

हिंजवडीत पहिल्याच कॉलवर मी ते वाक्य इंग्लंडच्या क्लायंटला ऐकवलं. शेजारचा निखिल, पक्का पुणेकर, शांतपणे म्हणाला, "आता निकालही वाचून दाखवा." मग मी 'थँक्स' आणि 'चीअर्स'वर आले.

काही वर्षांनी बाबा कर्वेनगरला माझ्याकडे आले असताना तो क्लायंट, डेव्हिड, पुण्यात होता. मी त्याला जेवायला बोलावलं. दोघांच्या पुष्कळ गप्पा झाल्या. निघताना तो बाबांना म्हणाला, "यू मस्ट कम अँड सी अस समटाइम."

बाबांनी वर्ध्याला परतून पासपोर्ट काढला. जाड स्वेटर घेतला. फोनवर हे ऐकून मी विषयच बदलला. इंग्लंडच्या लोकांशी रोज बोलून मला कळलं होतं, की हे निरोप घेताना म्हणायचं वाक्य आहे.

दिवाळीत घरी गेल्यावर सांगितलं. बाबा स्वेटरची घडी घालत होते.

"मस्ट म्हणला ना तो? मस्ट म्हणजे टाळता येत नाही."

"बोलायची रीत असते बाबा ती."

त्यांनी घडी घातलेला स्वेटर कपाटात ठेवला. मग म्हणाले, "असू दे. आपण बोलावू त्याला. तारीख घालून."

मी संकोचतच डेव्हिडला कळवलं. पुढच्या खेपेला तो खरंच वर्ध्याला आला. पाटोड्या खाऊन ओसरीवरच्या खाटेवर चक्क झोपला. संध्याकाळी निघताना "यू मस्ट..." म्हणाला आणि थांबला. त्यानं मोबाइल काढला. "जून? जूनमधला कुठला आठवडा जमेल तुम्हाला?"

बाबा त्याच्याकडे आठवडाभर राहून आले. तिथे कुणाकुणाला 'ऑब्लाइज्ड' म्हणाले, ते अजून सांगतात.

तुम्ही वर्ध्याचे लोक विचारता, पुणं आता घर वाटतं का. वाटायला लागलंय. इथे दारात निरोप देताना माझ्याही तोंडी 'या कधीतरी' येतं. मग मी समोरच्याला जरा थांबवते आणि विचारते, "रविवारी जेवायलाच या. जमेल?"